रॉकवाल्याचा टाइम

मुरबाडच्या आमच्या बेंजो पार्टीचा मालक प्रत्येक बोलणं ‘काय समजलं?’ असं विचारून संपवायचा. खांद्यापर्यंतचे केस उडवत मी त्याला सांगितलं, की मी रॉक ड्रमर होणार. तो पान चघळत म्हणाला, “हो ना! पन तुला मी मोक्याच्या टाइमालाच बसवनार, काय समजलं?”

लग्नाच्या हळदीत नाच ऐन रंगात आला की तो बाकीच्यांना थांबवायचा. “ये रे रॉकवाल्या, तुझा टाइम झाला.” मी डोळे मिटून ड्रमवर तुटून पडायचो. डोळे उघडावेत तर मांडव रिकामा! गावाला माझी कला झेपत नाही, एवढाच अर्थ मी काढला होता.

एकदा तापामुळे टोकावड्याच्या हळदीला गेलो नाही. दुसऱ्या दिवशी मालक दारात हजर. “काल नाचनारे हलेचनात. भात गार झाला, यजमान मला बोलला. तुझ्याबिगर पंगत बसत नाय रे, काय समजलं?”

या वेळी मात्र समजलं. केस कापले.

पण पुढे माझ्याच हळदीत, मामा घामाघूम होऊन नाचत असताना, मालकाने हळदीने माखलेल्या माझ्या हातांत गुपचूप स्टिका ठेवल्या. मी पहिला ठोका मारायच्या आधीच मामा हात धुवायला निघाले.