रविवारची गोळी

आवडाबाईची गर्भपिशवी काढली तेव्हा तिचा सोमनाथ शाळेत जात होता. सिल्लोडजवळच्या त्यांच्या खेड्यात त्या काळी घराआड एका बाईचं हे ऑपरेशन झालेलं असायचं. अंगावरून पांढरं जातं, कंबर धरते, एवढं म्हटलं की डॉक्टर सांगायचे, पिशवी काढून टाका. जावा म्हणाल्या, "सुटलीस बाय." पाळीची कटकट गेली, कामाचा खाडा गेला. टाके सुकले तशी ती मक्याच्या रानात परत उभी राहिली. पिशवीबरोबर अंगातून आणखी काय गेलं, ते तिला कुणी सांगितलं नाही, आणि तिनंही कुणाला विचारलं नाही.

नवरा कडूबा अंगानं दांडगा. चिखलात रुतलेलं बैलगाडीचं चाक एकटा खांदा लावून काढायचा. त्याला एका उन्हाळ्यात लकवा मारला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. तोंडातून एकच बोल निघायचा, "आवे." त्याला आवडे म्हणायचं असायचं. तहान लागली तरी आवे, माशी बसली तरी आवे, रडू आलं तरी आवे.

सोमनाथ वाळूजच्या कंपनीत कामाला. त्यानं जमीन चुलत्याला, कारभारीला बटाईनं लावून दिली आणि आईबापाला शहरात, पडेगावच्या आपल्या दोन खोल्यांत आणलं. सून मोनिका छावणीतल्या कापड दुकानात उभी राहायची. दोघं बाहेर पडले की घरात आवडाबाई आणि खाटेवर कडूबा. त्याला उठवणं, बसवणं, धुणं, कूस बदलणं, सगळं तिच्याच अंगावर. लंगोट बांधून पाहिला तर तो धडक्या हातानं ओढून फेकून द्यायचा आणि भिंतीकडं तोंड करायचा. मग तीच त्याच्या काखेत हात घालून त्याला संडासाच्या खुर्चीवर घ्यायची. तिच्या दुप्पट वजनाचा माणूस.

मोरीच्या ओट्यावर पाय घसरला आणि तिचं मनगट मोडलं, तेव्हा मोनिका तिला हाडांच्या डॉक्टरीणबाईकडं घेऊन गेली. मृण्मयी मॅडम तरुण होत्या, पण घाईच्या नव्हत्या. प्लास्टर घातलं, मशीनवर हाडांची तपासणी करायला लावली, आणि रिपोर्ट बघून विचारलं, "आजी, पाळी कधी गेली?"

"गेली नाय, काढली. पिशवीच काढली ना. ह्या सुनंच्या वयाची व्हते मी तवा."

मॅडमनी रिपोर्ट खाली ठेवला. मग म्हणाल्या, "पिशवीबरोबर बीजांडंही काढली असणार. तेव्हापासून हाडं झिजतायत तुमची. वाळवी लागल्यासारखी आतून पोकळ झालीत. आता जपायला पाहिजे."

त्यांनी गोळी लिहून दिली आणि नीट समजावलं. आठवड्यातून एकदाच घ्यायची, वार ठरवून. सकाळी उठल्या उठल्या, उपाशीपोटी. ग्लासभर साध्या पाण्यासोबत, चहादुधासोबत नाही. कॅल्शियमची गोळी जेवल्यावर, हिच्यासोबत नाही. "आणि गिळल्यावर अर्धा तास ताठ बसायचं. आडवं व्हायचं नाही, वाकायचं नाही. गोळी अन्ननलिकेत रेंगाळली तर आतून जखम करते. छातीत जळजळलं, घास गिळताना दुखलं, तर गोळी बंद करायची आणि लगेच माझ्याकडे यायचं. कळलं?"

"व्हय," आवडाबाई म्हणाली. तिला सगळं कळलं होतं. पण घरी खाटेवर एक माणूस आहे आणि त्याची सकाळ तिच्या हातांवर उजाडते, हे तिनं सांगितलं नाही. मॅडमनी विचारलंही नाही. हाताचं प्लास्टर बघून कुणाला वाटेल, की ही बाई घरी जाऊन तसल्याच हातानं माणूस उचलणार आहे?

सोमनाथची सुट्टी रविवारची, म्हणून वार रविवार ठरला. सुरुवातीला तो उठायचा. "माय, तू बस. अण्णाचं मी बघतो," म्हणायचा. ती गोळी घेऊन दारात प्लास्टिकच्या खुर्चीवर ताठ बसायची. समोरून शाळेची पोरं नसलेली, रिकामी सकाळ जायची, दूधवाला जायचा. हात मांडीवर ठेवून नुसतं बसायचं तिला पहिल्यांदा अवघड गेलं. मग तिला ते गोड वाटू लागलं, आणि गोड वाटतं म्हणून लाजही वाटू लागली.

पुढं कंपनीत काम वाढलं. सोमनाथला रविवारीही बोलावणं यायला लागलं, नाही तर रात्रपाळी करून तो पहाटे येऊन मुडद्यासारखा झोपायचा. त्याला उठवायचा तिचा जीव होईना. एका रविवारी तिनं गोळी घेतली, बसली, आणि आतून हाक आली.

"आवे."

"थांबा जरा. आलेच."

"आवे. आवे."

त्या हाकेत काय आहे ते तिला पक्कं ठाऊक होतं. आणखी थांबली असती तर चादर भिजली असती आणि दिवसभर त्यानं तिच्याकडं बघितलं नसतं. ती उठली, वाकली, त्याला उचललं. काम आटोपल्यावर पाठीतून अशी कळ निघाली की ती तिथंच त्याच्या शेजारी आडवी झाली.

मग हे दर रविवारचं झालं. पाणीही ती घोटभरच प्यायला लागली. मधेच मोरीत जावं लागलं तर ह्याला कोण बघणार? छातीच्या मधोमध आग व्हायला लागली. तिला वाटलं पित्त आहे. सोडा पिऊन झाला, ताक पिऊन झालं. भाकरीचा घास उतरताना काटा ओढत नेल्यासारखं व्हायचं. ती भाकरी दुधात कालवून खाऊ लागली. मोनिकानं विचारलं तर म्हणाली, "दात दुखत्यात."

मॅडमचं बोलणं ती विसरली नव्हती. पण मॅडमकडं जायचं तर सांगावं लागलं असतं, की अर्धा तास बसता येत नाही. का बसता येत नाही, तर कडूबामुळं. आणि हे ती बोलू शकत नव्हती. कारण महिनाभरापूर्वी स्वयंपाकघरात तिच्या कानावर सोमनाथचं बोलणं पडलं होतं. "माय थकली आता. अण्णाला काकाकडं गावी ठेवावं काय?" मोनिका हळूच म्हणाली होती, "आत्यांना विचारा आधी." त्यात वाईट काही नव्हतं. लेकाला आईची काळजी होती. पण आवडाबाईच्या मनात एकच आलं. कारभारीच्या घरी त्याची हाक कोण ओळखणार?

म्हणून तिनं गोळी गुपचूप बंद केली. रविवारी पाकिटातून एक काढायची आणि मोरीत टाकून वर तांब्याभर पाणी ओतायची.

"आत्या, गोळी घेतली ना?" मोनिका न चुकता विचारायची.

"घेतली की."

छातीतली आग हळूहळू विझली. तिला वाटलं, निभलं.

मग एका सकाळी, दोघं कामाला गेल्यावर, कडूबाला खुर्चीवर घेताना तिच्या पाठीत वाळलेली काडी मोडावी तसा आवाज झाला. डोळ्यांपुढं अंधारी आली. तरी तिनं त्याला सोडलं नाही. त्याच्यासकट ती भिंतीला घासत खाली बसली, आणि मग दोघं फरशीवर पडले, तो तिच्या पायांवर. त्याला बाजूला करायचं बळ तिच्यात नव्हतं. तो धडक्या हातानं तिचा पदर धरून "आवे, आवे" करत राहिला. तीही ओरडली, पण शेजारच्या घरात टीव्ही मोठ्यानं लागला होता. दुपारी मोनिका डबा विसरली म्हणून घरी आली, तेव्हा दोघं तसेच होते. फरशी ओली होती, आणि कडूबा डोळे गच्च मिटून पडला होता.

मणके दबले होते, एकाखाली एक. मॅडमनी फोटो उजेडात धरला. "गोळी चालू आहे ना?"

"दर रविवारी घेतात. मी विचारते ना," मोनिका म्हणाली.

आवडाबाईनं छताकडं बघत सगळं सांगितलं. आगीचं, मोरीचं, हाकेचं. मोनिकानं तोंडाला ओढणी लावली.

मॅडम चिडल्या नाहीत. चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, "आजी, ही गोळी नाही जमली तर दुसरं औषध आहे. वर्षातून एकदा, सलाईनमधून. ते गिळावंच लागत नाही. जळजळतंय एवढं सांगितलं असतं, तर रक्त तपासून तेव्हाच सुरू केलं असतं."

"मग हाड मोडलं नसतं?"

"तसं छातीठोक नाही सांगता येत. एवढं वजन उचलत होतात तुम्ही. पण हाडांना काही आधार तरी मिळाला असता." मग थांबून, "घरी कोण आहे ते मीही विचारायला हवं होतं."

दुसरं औषध होतं, आणि ते एका वाक्याच्या अंतरावर होतं. ज्याच्या भीतीनं तिनं ते वाक्य गिळलं, तेच आता होणार होतं.

तसंच झालं. तिला पट्टा बांधून निजवलं होतं. दोघांना बघायला घरात माणूस नव्हतं. कारभारी गाडी घेऊन आला, चौघांनी मिळून कडूबाला उचललं. त्यानं दाराची चौकट धरली. सोमनाथनं एकेक बोट सोडवलं. आतल्या खोलीत आवडाबाईला नुसती हाक ऐकू आली, गाडी वळेपर्यंत.

सलाईनमधलं औषध मिळालं. कळा कमी झाल्या, पण पाठीला आलेलं पोक गेलं नाही. पुढं मॅडमनी प्रवासाला हो म्हटल्यावर सोमनाथ आणि मोनिका तिला गावी घेऊन गेले. कारभारीच्या घरी कडूबाला पडवीत निजवलं होतं. खाटेवरून पडतो म्हणून खाली, गादीवर. लोकांनी हयगय केली नव्हती, वेळेला खाऊपिऊ घालत होते. तरी पाठीला जखमा झाल्या होत्या, त्यांचा वास येत होता.

"हाक मारायचं बंद केलंय त्यानं," कारभारी म्हणाला. "आठपंधरा दिस मारली. मग गप झाला."

आवडाबाई गादीजवळ गेली. तिला खाली बसता येत नव्हतं, वाकता येत नव्हतं. वाकायचं नाही अशी सक्त ताकीद होती. तिनं भिंतीला हात टेकला.

"अवो, मी आले. इकडं बघा."

त्यानं मान वळवली नाही. त्याला दिसत होते ते तिचे पाय. तो पायांकडं बघत राहिला, ओळखीच्या नजरेनं की परक्या, सांगता येत नव्हतं. त्याच्या गालावर माशी बसली. ती हाकलायला तिनं हात पुढं केला, तो अर्ध्यावरच राहिला. मोनिकानं वाकून माशी हाकलली.

कुणीतरी आत जाऊन तिच्यासाठी खुर्ची घेऊन आलं. ती बसली नाही. ती उभीच राहिली, ऊन पडवीतून निघून जाईपर्यंत, आणि मग सोमनाथ म्हणाला, "माय, निघावं लागंल आता."