टाकीच्या तोंडाशी

श्रीगोंद्याकडच्या एका साखर कारखान्यात अंगद फिटर होता. ज्ञानेश्वर त्याचा जोडीदार. दोघांची पाळी एक, येण्याजाण्याची मोटारसायकल एक. त्या वर्षी गळीत संपल्यावर मळीची टाकी धुवायची निघाली. ज्ञानेश्वर वरच्या मॅनहोलमधून शिडीनं आत उतरला. शेवटच्या पायऱ्यांवर त्याचा हात सुटला आणि तो खाली पडला. हाका मारल्या, उत्तर आलं नाही. अंगद तोंडाला उपरणं बांधून उतरायला निघाला, तर मागून दोघांनी त्याला कमरेला धरलं. ज्ञानेश्वरला बाहेर काढलं तेव्हा तो गेलेला होता.

दहावा झाल्यावर अंगद कामावर आला. डबा खायचा, पाना चालवायचा, पाळी संपली की घरी. लोक म्हणायचे, अंगद सावरला. तो सावरला-बिवरला काही नव्हता. त्याला काही वाटतच नव्हतं. बायको भाजीत मीठ घालायचं विसरली तरी तो तशीच खाऊन उठायचा.

युनियनचा सरचिटणीस मच्छिंद्र एकदा वर्कशॉपमध्ये आला. "केडगावला कामगारांचा वर्ग हाय, सुरक्षेचा. ज्ञानेश्वरचं नाव दिलं हुतं. आता तू जा."

"मी कशाला?"

"जागा रिकामी ऱ्हाईल."

अंगद गेला. एका मंगल कार्यालयाच्या वरच्या मजल्यावर वर्ग होता. खाली कुणाच्या तरी साखरपुड्याचा स्वयंपाक चालला होता आणि फोडणीचा खकाणा वर येत होता. शिकवायला पुण्याहून धनश्री मॅडम आल्या होत्या.

"मळी आंबली की टाकीत श्वास घेण्याजोगी हवा उरत नाही," त्या म्हणाल्या. "नाकाला ते कळत नाही. म्हणून आधी हवा तपासायचा मीटर आत सोडायचा, पंखा लावायचा, उतरणाऱ्याला दोर बांधायचा. आणि आत माणूस पडला तर बाहेरच्यानं उतरायचं नाही. बाहेर उभं राहून दोर ओढायचा, मदत बोलवायची. वाचवायला उतरलेलाही तिथंच मरतो."

अंगदनं विचारलं, "दोर बांधलेलाच नसंल तर?"

"तरीही उतरायचं नाही, दादा."

म्हणजे त्या दोघांनी धरलं ते बरोबरच होतं. आपण जगलो तेही नियमानं. हे ऐकून आपल्याला रडू यायला पाहिजे, असं अंगदच्या मनात आलं. तो भिंतीवरच्या विजेच्या बटणांच्या बोर्डाकडे बघत राहिला. तेवढ्यात चहा आला.

पुढं मच्छिंद्रनं त्यालाच शिकवायला बसवलं. "तुझ्या डोळ्यांम्होरं घडलंय. लोकं तुझं ऐकत्यात." दर वर्षी टाक्या धुवायच्या आधी युनियनच्या खोलीत वर्ग भरायचा. पहिल्या खेपेला अंगद अडखळत बोलला. नंतर नंतर सांगणं गुळगुळीत झालं. कुठं थांबलं की समोरची माणसं चुकचुकतात, तेही त्याला कळायला लागलं. एकदा आपण तिथं मुद्दाम थांबलो, हे त्याच्या ध्यानात आलं. त्याचंही त्याला काही वाटलं नाही.

मग एका वर्षी वर्गात राजेश्वरी येऊन बसली. ज्ञानेश्वरची बायको. नवऱ्याच्या जागी तिला स्टोअरला घेतलं होतं. अंगदनं तिला पाहिलं आणि नेहमीसारखं सुरू केलं, फक्त ज्ञानेश्वरच्या नावाऐवजी 'एक कामगार' म्हणाला.

"भाऊजी, नाव घ्या की त्यांचं," राजेश्वरी म्हणाली.

अंगदनं नाव घेतलं.

"ते पडले तवा तुमी काय करत हुता?"

"उतरायला निघालो हुतो, वैनी. मला धरलं."

"मग?"

"मग उभा हुतो."

"हाक मारली?"

"लई मारली."

"त्यांनी वो दिली का?"

"न्हाई."

तिनं मान हलवली. "मला हे कुनी सांगितलंच न्हाई. समदे म्हनले, जागच्या जागी गेले." मग पदर खोचून ती उठली. "दोर कसा बांधायचा ते दाखवा."

अंगद तिच्यासमोर उभा राहिला आणि त्यानं आपल्याच छातीभोवती तिला दोर बांधायला लावला. पहिली गाठ सरकली. तिनं ती सोडली आणि पुन्हा बांधली. या खेपेला दोर त्याच्या बरगड्यांत रुतला. "बसली गाठ," अंगद म्हणाला.

त्या साली टाकी धुताना तोंडाशी पहाऱ्याला मला उभं करा, असं तिनं मच्छिंद्रला सांगितलं. सुपरवायझर हसला, पण युनियननं ते मान्य करून घेतलं. काम सुरू झालं आणि दुसऱ्याच दिवशी पंखा वेळेवर आला नाही.

"जरासं काम आहे, उतरू द्या त्यांना," सुपरवायझर म्हणाला.

राजेश्वरीनं मॅनहोलचं झाकण ओढून घेतलं आणि ती त्यावर बसली. "पंखा येऊ द्या."

"बाई, तुम्ही स्टोअरच्या. हे तुमचं काम नाही."

"व्हय, स्टोअरची हाय. पंखा आल्याबिगर उठत न्हाई."

तो ओरडला, साहेबांना फोन लावला. ती उठली नाही. दुपारून पंखा आला, मीटर आत सोडला, आणि मग दोर बांधून दोन माणसं उतरली. अंगद खालीच पंपाचे बोल्ट आवळत होता. त्याला सगळं ऐकू येत होतं.

संध्याकाळी ती माणसं मळीनं काळी होऊन वर आली आणि एकमेकांना ढकलत नळाकडे गेली. राजेश्वरी दोर गुंडाळत होती. अंगद हात थांबवून बघत राहिला. आता काहीतरी वाटेल म्हणून त्यानं थोडी वाट पाहिली. भोंगा झाला, तेव्हा त्यानं पाने पुसले आणि पेटीत ठेवायला घेतले.