‘बरं हाय’ न मानणारे माझे साडू

छापून आलेल्या मजकुरावर इतका संशय घेणारा, आणि तरीही आपलं काही छापून यावं म्हणून इतका जीव टाकणारा माणूस शिरूर आणि दौंड या दोन्ही तालुक्यांत माझ्या साडूंखेरीज दुसरा नाही, हे मी कुठेही सांगायला तयार आहे. ते एका कॉलेजच्या रुग्णालयात कॅज्युअल्टीचे डॉक्टर. तातडीच्या उपचारांवरचे शोधनिबंध ते शेपटाकडून वाचतात. आधी शेवटचा ‘मर्यादा’ हा परिच्छेद, तो प्रामाणिक वाटला तरच वरचं. “हल्ली निबंधांचं पीक जोरात आहे, राव. लेखक जास्त, रुग्ण कमी. पेशंट घरी गेला की पुढं त्याचं काय झालं, कुणी विचारत नाही.” धाकट्या मेहुणीच्या साखरपुड्यात सासरे कौतुकाने म्हणाले, “मुलगा चांगला असल्याचं सगळे सांगतात.” यांनी लगेच विचारलं, “सगळे म्हणजे किती? ज्या मुलींनी नकार दिला, त्यांना विचारलंत का?” साखरपुडा झाला, पण सासरे वर्षभर त्यांच्याशी बोलले नाहीत.

निबंध नाही म्हणून त्यांची बढती दोनदा अडली होती. शेवटी त्यांनी घोणस चावून बऱ्या झालेल्या रुग्णांवर लिहायला घेतलं. सहायकाने सगळ्यांना फोन केले आणि सगळ्यांनी एकच सांगितलं, “बरं हाय.” साडू भडकले. “आपल्याकडं माणूस व्हेंटिलेटरवरून उठून बरं हाय म्हणेल!” मग घरोघर जाणं आलं. त्यांना गाडी येत नाही, म्हणून जीप माझी, चालवणारा मी आणि माझं बॅटरीचं दुकान बंद. डॉक्टर स्वतः दारात आलेला पाहून कारेगावात एका म्हातारीने गळाच काढला. साडू मात्र ‘कसं आहे’ असं चुकूनही विचारत नसत. ओट्यावर टेकायचे आणि म्हणायचे, “सकाळी काय जेवलात?”

निबंध पाठवायच्या शेवटच्या दिवशी एकच नाव उरलं, वडगाव रासाईच्या झेंडूवाल्या आक्कांचं. मुदत पाचपर्यंत. सहायक फोनवर काकुळतीला आला होता, “सर, त्या बरं म्हणाल्यात. मारा टिक!” साडूंनी फोन माझ्या खिशात कोंबला. आम्ही पोचलो तेव्हा तीन वाजले होते. आक्का फुलं निवडत बसल्या होत्या.

“बरं हाय की, डाक्टर. कशाला आला एवढ्या लांब?”

“सकाळी काय जेवलात, आक्का?”

“जेवान जात न्हाई चार दिस. त्याचं काय येवढं?”

त्यांनी आक्कांच्या नडगीवर अंगठा दाबला. खड्डा पडला आणि तसाच राहिला. “लघवी?” आक्का लाजून पुन्हा फुलं निवडू लागल्या. सून हळूच म्हणाली, “कालपास्नं न्हाईच म्हना की.” साडूंचा चेहरा उतरला. “घोणशीच्या विषानं किडन्या धरल्यात,” ते मला म्हणाले.

आक्कांना जीपमध्ये घेतलं आणि भीमा ओलांडून दौंडकडे निघालो. पाटसला उसाच्या ट्रॉल्यांनी रस्ता अडवला होता. माझ्या खिशात फोन वाजत होता, मागे आक्कांना धाप लागली होती. साडू खाली उतरून ट्रॅक्टरवाल्यांवर ओरडत होते. त्यांना इतकं घाबरलेलं मी कधीच पाहिलं नव्हतं, आणि खरं सांगतो, मीही घाबरलो होतो. दवाखान्यात आक्कांना आत नेलं तेव्हा सव्वापाच झाले होते.

आक्का वाचल्या. डायलिसिस करून महिन्याने पुन्हा फुलांत बसल्या. निबंधात मात्र त्यांच्या नावापुढे ‘बरी’ लिहिता येईना, आणि त्याशिवाय निष्कर्ष उभा राहीना. बढती तिसऱ्यांदा गेली. “आता खरा झालाय निबंध,” असं म्हणून त्यांनी फाइल माझ्या जीपमध्ये टाकली. ती अजून तिथेच आहे.

यंदा माझी बायको गेली. दिवसकार्य उरकून पाहुणे परतले, त्यानंतर एका दुपारी साडूंचा फोन आला. मी म्हणालो, “बरं आहे.” त्यांनी लगेच फोन ठेवला. दोन तासांनी एसटीतून उतरून, घामाघूम, ते माझ्या दारात उभे होते. चप्पल काढून शेजारी टेकले आणि म्हणाले, “सकाळी काय जेवलात, राव?”

मी बंद स्वयंपाकघराकडे बोट केलं. मग तेच उठून आत गेले आणि तांदळाचा डबा शोधू लागले.