हात न लावण्याची नोकरी

काकाजी उजवा तळहात असा उभा धरायचे, चौकातला पोलीस गाडी अडवतो तसा. "थांब गा. मी करून राहिलो न." शर्टाची गुंडी असो, चहाचा कप असो, की खाटेवरून चाकाच्या खुर्चीत यायचं असो, आधी तो हात वर. कमरेपासून खाली शरीर गेलेलं, पण त्या हाताची ऐट बघण्यासारखी.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. मदतीला माणूस ठेवतात आणि मदत करू देत नाहीत. माझी तर पंचाईतच झाली. नागपूरच्या एका नर्सिंग ब्युरोनं मला गोंदियाजवळ फुलचूरला त्यांच्याकडे पाठवलं ते उचलायला म्हणूनच. माझं गाव धाराशिवकडे, बायको आणि मुलगी तिकडेच. शाळा आठवीत सुटली. येतं काय, तर आजारी माणसांना अलगद उचलता येतं. तेवढंही कुणी करू दिलं नाही तर आपण इथं कशाला, अशी धास्ती मला पहिल्या दिवसापासून होती.

त्या पहिल्या दिवशी मी ताट घेऊन स्वयंपाकघरात जमिनीवर बसलो. बाहेरून आवाज आला, "खाली काऊन बसला बे? मी का टेबलावर एकटाच भाषण देऊ?" तेव्हापासून दोन हिवाळे आम्ही एका टेबलावर जेवलो. माझ्या बोलण्यातल्या 'की'ची ते नक्कल करायचे. "भात वाढू की काकाजी? वाढ की बापू!" परक्या गावात मला कुणी इतकं आपलं केलं नव्हतं.

काकाजी मूळचे इथलेच, धानाची शेती असलेल्या घरातले. तरुणपणी इंग्लंडला गेले, बसच्या कारखान्यात लागले. तिथं उंचावरून पडले आणि पाठीचा कणा गेला. पुढं बायको वारली. लेक तिकडेच, पण दुसऱ्या शहरात. काकाजी दिवाळी ते होळी फुलचूरला राहायचे आणि बाकी वर्ष तिकडे. तिकडे सरकार त्यांना मदतनीस देत होतं. तिचं नाव मार्था.

मार्थाला मी फोनवरच पाहिलं. दर रविवारी माझ्या फोनवर तिचा व्हिडिओ कॉल यायचा. बारीक कापलेले केस, लाल गाल, काकाजींची चौकशी अगदी नखांपर्यंत.

"मार्था मले हातच नाही लावत," काकाजी कौतुकानं सांगायचे. "फळी ठेवते आन् हात मागं बांधून उभी राहते."

"मग ती करते काय?"

"हेच करते न!"

हात न लावण्याचा पगार! मी इथं कंबर मोडून घ्यायला तयार, आणि कौतुक तिचं. खरं सांगतो, त्या बाईचा चेहरा फोनवर उगवला की माझा रविवार खराब व्हायचा.

ती फळी म्हणजे गुळगुळीत लाकडाची, हातभर लांब. एक टोक खाटेवर, दुसरं खुर्चीवर. काकाजी दोन्ही हात टेकून तिच्यावरून इंच इंच सरकायचे. दहा मिनिटं लागायची. मी बाजूला उभा राहून ओठ चावायचो. विमानात त्यांना एकट्याला घ्यायचे तेसुद्धा असं सरकता येतं म्हणूनच.

दुसऱ्या हिवाळ्यात एका सकाळी फार थंडी होती. त्यांची बोटं वळत नव्हती.

"काकाजी, मी उचलतो की. तुमची मार्था थोडीच बघतेय?"

ते हसले. मी उचललं. दुसऱ्या दिवशीही उचललं. आठवड्यानं फळी कपाटावर गेली.

त्याच महिन्यात मी त्यांना नवेगाव बांधला नेलं. तलावाच्या पाळीवर खुर्ची चढेना, म्हणून पाठीवर घेतलं. जाळं उकलणारा एक माणूस म्हणाला, "आजोबाले कुठं घेऊन चालला गा पैलवान?"

"हा घोडा होय माझा!" काकाजी माझ्या खांद्यावर थाप मारून ओरडले.

वर बसून त्यांनी कितीतरी वेळ पाणी पाहिलं. लहानपणी इथं पोहायचो म्हणाले. मी मुद्दाम तिथूनच मार्थाला कॉल लावला. मागं तलाव, पुढं काकाजी, आणि कोपऱ्यात माझा खांदा दिसेल असा फोन धरला. बघ म्हटलं, तुझ्या हात बांधण्यानं हे होतं का! ती इंग्रजीत काहीतरी बोलली. काकाजींचं हसू कमी झालं.

"काय म्हणाली?"

"म्हणते, फळी कुठं आहे?"

मी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. पुढं पुढं काकाजींचा तो उभा तळहात दिसेनासा झाला. सकाळी मी आलो की ते आपणच दोन्ही हात माझ्या गळ्यात टाकायचे. मला वाटलं, मी जिंकलो.

होळीनंतर निघायचा दिवस आला. तारीख चुकवून चालणार नव्हतं. तिकडचा नियमच होता: ठरलेल्या आठवड्यांपेक्षा जास्त बाहेर राहिलं की मदत बंद, मग नव्यानं अर्ज. नागपूरच्या विमानतळावर गाडी थांबली. विमान कंपनीची एक मुलगी खुर्ची घेऊन आली.

"सर खुद शिफ्ट हो जाते हैं न?"

काकाजी तोंड उघडणार तोच मी बोललो, "छे ओ मॅडम, मीच उचलतो. हे बघा." आणि त्यांना गाडीच्या सीटवरून उचलून अलगद खुर्चीत ठेवलं. पोटातलं पाणीसुद्धा हललं नसतं असं.

तिनं कागदावर काहीतरी लिहिलं. "फिर साथ में कौन जा रहा है?"

"अकेला ही जाता हूँ, हर साल," काकाजी म्हणाले.

"तो एक बार करके दिखाइए, सर."

फळी सामानाच्या तळाशी होती. मी ती काढली, पुसली, खुर्ची आणि सीटमध्ये ठेवली. काकाजींनी हात टेकले. दंड थरथरायला लागले. अर्ध्यावर आले आणि थांबले. मी दोन्ही हात मागं घट्ट धरून ठेवले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"धर रे," ते म्हणाले.

विमान त्यांच्याशिवाय गेलं. परतताना भंडारा मागं पडला तरी मी डोळे पुसत होतो. मग तेच म्हणाले, "तू कायले रडून राहिला? आराम मलेच पाहिजे होता." लेक रजा काढून न्यायला येईपर्यंत ठरलेले आठवडे उलटून गेले होते.

तिकडे पोचल्यावर त्यांचा फोन आला. मदत बंद पडली तेव्हा मार्थाला दुसऱ्या घरी लावलं होतं. "आता रोज नवीन दोघं येतात. मशीनच्या झोळीत घालून उचलतात. नाव विचारेपर्यंत निघून जातात." माझ्या मनात आलं, बरं झालं, तिलाही नाही मिळाले. हे लिहिताना लाज वाटते, पण आलं.

लेक त्यांना आता एकटं पाठवणार नव्हती. दिवाळीला फुलचूरचं घर बंदच राहिलं. पुढच्या पोळ्यापर्यंत काकाजींचा फोन येत होता, नंतर लागेनासा झाला. लेकीचा लागतो, पण कुणी उचलत नाही. मी आता गोंदियातच दुसऱ्या घरी कामाला आहे.

परवा रविवारी अचानक मार्थाचा कॉल आला. म्हणजे परत हिलाच मिळाले. शेजारी बसले असतील, ही हात मागं बांधून उभी असेल. मी फोन उचलला. ती एकटीच होती, कुठल्यातरी बसथांब्यावर, कोट घालून.

"काकाजी?" ती म्हणाली. माझ्याकडून ऐकून ऐकून तिनं तो शब्द उचलला होता. मग मला समजावं म्हणून एकेक शब्द सुटा करत, "हाऊ... इज... काकाजी?"

मी तिला तेच विचारणार होतो.