टाळांच्या आडोशाला

आंबवड्याच्या आसपास कुठंही देवीचं भजन असलं, की आधी सुलक्षणाकाकूंना निरोप जायचा आणि मग दिवस ठरायचा. आवाजच तसा. पेटीवाल्यानं त्यांच्या पट्टीत पेटी लावायची, "जरा खाली घ्या" म्हणायची कुणाची छाती नव्हती. मंगळवार कडक, नवरात्रात नऊ दिवस अनवाणी. सासूबाईंनी जाताना यांना एक गाणं दिलं होतं, 'घाट चढून आई आली, उघडा दार गं'. काकूंनी त्याला आणखी कडवी जोडली आणि ते गाणं त्यांचंच होऊन बसलं. कुणी वाखाणलं की "देवीची कृपा" म्हणायच्या, पण म्हणताना मान जराशी ताठ व्हायचीच.

गेल्या वर्षी त्यांचं मंडळ पहिल्यांदाच वरच्या डोंगरातल्या धनगरवस्तीवर गेलं, धोंडाबाईच्या अंगणात. धोंडाबाईचा जन्म मेंढरांमागं गेलेला. मुलगा बिरू कापूरहोळला गॅरेजात कामाला, आणि हौस म्हणून लग्ना-वरातींना साउंड लावणारा. ते भजन त्यानं मोबाईलवर उतरवून घेतलं होतं.

यंदा वस्तीवरच्या देवीची पालखी निघायच्या आदल्या दिवशी बिरू मोटरसायकल घेऊन काकूंच्या दारात हजर.

"काकू, तुमच्या गान्याचा रिमिक्स केलाय. उद्या पालखीपुढं लावायचाय. पन आधी तुमी ऐकायचं. आयची तशी ताकीदच हाय."

"अरे, देवीचं गाणं ते. त्याचा धांगडधिंगा करतोस होय रे?"

"ऐका तरी. न्हाई आवडलं तर पुसून टाकतो, देवाशपथ."

काकूंनी कुरकुर केली, पण तोवर चांगलं लुगडं नेसून तयारही झाल्या. मनातून बरं वाटलं होतं, खोटं कशाला बोला!

वस्तीवर पोचल्या तेव्हा धोंडाबाई मेंढरांकडं गेली होती. बिरूनं ओसरीत लॅपटॉप उघडला. "ह्यात गानं टाकलं की आवाज येगळा निघतो अन् वाजप येगळं. सुपात पाखडल्यावानी. मग त्या आवाजाखाली आपला ढोल भरायचा. आधी नुसता तुमचा आवाज ऐका."

टाळ नाही, पेटी नाही, ढोलकी नाही. नुसता गळा. इतक्या वर्षांत काकूंनी स्वतःला असं कधी ऐकलंच नव्हतं. दम कुठं घेतला, स्वर कुठं जरा कापला, सगळं उघडं. पहिल्या कडव्यानंतर टाळ-ढोलकी जलद चालते आणि बायका थांबतात, तिथं त्यांचा श्वास ऐकू आला. दुसऱ्यानंतर खोकला आणि बांगड्या. काकूंचे डोळे भरून आले. तिसऱ्या कडव्यानंतर मात्र काहीच नाही. श्वास नाही, बांगडी नाही. आडात डोकावल्यासारखं गप्प.

"इथं काय झालं रे?"

बिरू बोटानं लॅपटॉप उगाच पुसायला लागला. "काय न्हाई. मधी जरा बोलनं आलं व्हतं. काढलं."

"कुणाचं बोलणं?"

"आसंल कुनाचं तरी."

काकूंना वाटलं, ही आमची जाऊबाई साधनाच. भजनात कुजबुजायची तिची खोडच आहे. आज घरी जाऊन चांगली झापते.

"लाव बघू ते."

"ऱ्हाऊ द्या की, काकू."

"माझ्या गाण्यात कोण तोंड घालतंय ते मला कळायला नको? लाव म्हणते ना!"

बिरूनं खाली बघत लावलं.

आवाज हलका होता, पण कानाशी सांगितल्यासारखा स्वच्छ. "घोंगडीला काय वास मारतोय गं. यांच्यात देवीसुद्धा नाक धरूनच येत असेल." मागोमाग साधनाचं दाबलेलं हसू. आणि लगेच त्याच तोंडातून, भरल्या गळ्यानं, 'घाट चढून आई आली...'

आवाज काकूंचाच होता. त्या वेळी टाळांच्या आडोशाला बोलल्या होत्या, एवढ्या गलक्यात कुणाला ऐकू जाणार, असं वाटून. बोलल्या आणि विसरूनही गेल्या. वाईट बोलल्या हे तर होतंच. पण ते बोलणं आणि देवीचं नाव, दोन्हींत कुठं सांधा म्हणून दिसत नव्हता. एका दमात दोन्ही.

"तुझ्या आईनं ऐकलं हे?" कसंबसं विचारलं.

"परवा मी काढत व्हतो तवा मागंच बसली व्हती."

"काय म्हणाली?"

"म्हनली, तेवढं काढ, अन् बाईंना बोलवून आन. गानं त्यांचं हाय."

एवढ्यात धोंडाबाई आलीच, डोक्यावर पाल्याचा भारा. "आलात व्हय? अगं बया, भुईला कुठं बसलात? बिरू, खुर्ची दे की बाईंस्नी!"

एक क्षण काकूंच्या मनात आलं, गप्पच बसावं. पुसलंय, गेलंय, उद्या कुणाला कळणार आहे? पण पाय आपोआप उठले.

"धोंडाबाई, मी ते ऐकलं. माझं चुकलं हो."

धोंडाबाईनं भारा उतरवला, पदरानं तोंड पुसलं. "वास हाय की वो. आमाला येत न्हाई, तुमाला येतो. नाकाला काय बोल लावायचा?"

काकूंना हायसं वाटणार, तोच ती पुढं म्हणाली, "पन ते देवीच्या नावावर घालाया नको व्हतं, बाई. ती हितंच ऱ्हाती आमच्यात." एवढंच बोलली आणि वाघराच्या जाळीत कोकरं कोंडायला निघून गेली.

रिमिक्स लावू की नको, बिरूनं विचारलं. काकू म्हणाल्या, "तुझ्या आईला विचार. मला आता काय अधिकार?"

दुसऱ्या दिवशी काकू पालखीला गेल्या. न जाणं जास्त सोपं होतं, म्हणूनच गेल्या. टेम्पोवर कर्णे बांधलेले आणि त्यांतून त्यांचाच आवाज अख्ख्या डोंगरात घुमत होता. बाया येऊन सांगत होत्या, "काकू, काय गळा वो!" काकू कुणाच्या डोळ्याला डोळा देईनात. 'देवीची कृपा' हे शब्द ओठांवर आले आणि त्यांनी गिळले.

तिसरं कडवं संपलं. त्या रिकाम्या जागी बिरूनं धनगरी ढोल भरला होता, असा जोरकस की अख्ख्या गाण्यात तसा दुसरीकडं कुठंच नव्हता. पोरं, म्हातारे, सगळे नेमके तिथंच उसळले. गाणं पुन्हा पहिल्यापासून लागलं, पुन्हा ती जागा आली, पुन्हा भंडारा उधळला.

धोंडाबाईनं गर्दीतून येऊन त्यांचा हात धरला. "चला की बाई, दोन पावलं तरी टाका. तुमचंच गानं हाय."

काकूंनी हात सोडवला नाही, पण पाऊलही उचललं नाही. भंडाऱ्यानं पिवळी झालेली मान खाली घालून, तो ढोल संपायची वाट बघत उभ्या राहिल्या.