ऱ्हाईनकाठचा फाग

"थांब भो, फेटा बांधी लेऊ दे, मंग दखू."

अडचण कोणतीही असो, माझा हा मित्र आधी डोक्यावरचा फेटा सोडायचा. गाडीचं चाक चिखलात रुतलं, सोडला फेटा. बहिणीच्या सासरची माणसं तावातावानं भांडायला आली, सोडला फेटा. मग एक टोक दातात धरून, जगात कसलीच घाई नसल्यासारखा तो पुन्हा बांधत बसायचा. तेवढ्यात समोरच्याचा राग निम्मा उतरायचा आणि चाक काढायला चार माणसं जमायची. संकटाला असं ओट्यावर ताटकळत ठेवणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील.

तो रनाळ्याच्या खात्यापित्या शेतकरी घरातला. नंदुरबारच्या एका कापसाच्या जिनात त्यांची भागीदारी होती आणि त्याच जिनात मी फिटरच्या हाताखाली होतो. आमची मैत्री होळीची. दर होळीला आम्ही दोघं अक्कलकुव्याच्या वरच्या डोंगरात जायचो. तिथं बुध्ये नाचतात. अंगावर चुन्याचे ठिपके, डोक्यावर मोरपिसांचा टोप, कमरेला घुंगरं. तिथल्याच एका ढोलवाल्यानं माझ्या हातात टिपरू दिलं आणि माझा हात बसला. मित्र नाचायचा. वाईट नाचायचा, पण मनापासून.

पुढे जिनाच्या शेटजींनी तेलावरच्या इंजिनाचं काम शिकायला मला जर्मनीत धाडलं. मोठी लढाई संपून तेव्हा दहाएक वर्षं झाली असतील. ऱ्हाईन नदीकाठचं शहर, मोठा कारखाना. काम आवडत होतं. पण कारखान्यात मला नाव नव्हतं; "ए हिंदू, पाना दे," एवढीच ओळख. घरमालकीणबाई दिवसातून एकच वाक्य बोलायची, "दार हळू लावा." मी दार इतकं हळू लावू लागलो की घरात मी आहे की नाही हे मलाच कळेनासं झालं. दुसऱ्या हिवाळ्यात माझा धीर सुटला. शिक्षण अर्धवट टाकून घरी जायचं मी ठरवलं.

त्याच सुमारास जिनासाठी इंजिन पसंत करायला शेटजींनी माझ्या मित्राला पाठवलं. धोतर, लांब कोट, डोक्यावर केशरी फेटा. नदी पाहून म्हणाला, "नदी झ्याक शे भो, पन काठवर वांगास्ना मळा नही." घरून आणलेलं लाल तिखट त्यानं मालकीणबाईंच्या रश्शात चिमूटभर टाकलं. बाईंनी भर थंडीत घराच्या सगळ्या खिडक्या उघडल्या.

माझी ट्रंक दोरीनं बांधलेली पाहून त्यानं भुवया उंचावल्या.

"माले घर लई चाल," मी म्हणालो. "आठे माले कोनी वळखत नही."

त्यानं ट्रंकेच्या दोरीची गाठ चाचपून पाहिली. मग म्हणाला, "लई जास. पन आज सन शे म्हनतस ना? चाल, दखी येऊत."

सण होता खरा. त्यांच्या उपासाच्या दिवसांआधी तिथं गावभर सोंगं निघतात. आदल्या वर्षी मी त्या दिवशी खोलीला कडी लावून बसलो होतो. त्यामुळे सणाच्या पहिल्या दिवशी, गुरुवारी, बायकांचं राज्य असतं आणि त्या दिसेल त्याच्या डोक्यावरची टोपी हिसकावतात, हे मला ठाऊक नव्हतं. जाणते पुरुष त्या दिवशी फाटकी टोपी घालून निघतात. माझ्या मित्रानं मात्र तोच केशरी फेटा नव्यानं चापूनचोपून बांधला. "सनना दिन उघडा डोकानी कोनी फिरस का?"

रस्त्यावर पाऊल टाकलं आणि तो थबकलाच. पिसांचे टोप, रंगवलेली तोंडं, पायांत घुंगरं. "दख, आपला बुध्या आठे बी येल शेत!"

तेवढ्यात बाजारातल्या बायकांचा एक घोळका आमच्यावर तुटून पडला. सर्वांत पुढे कोण असावं? आमच्या मालकीणबाई! त्यांनी फेट्याला हात घातला आणि ओढला. टोपी असती तर सुटली असती. हा केशरी फेटा उलगडतच गेला. बायका टोक धरून पळतायत, फेटा संपत नाही, आणि अख्खा रस्ता हसतोय.

आपल्याकडे भर बाजारात कुणाच्या फेट्याला हात घातला तर दोन गावांत वैर पडतं. मी त्याचा दंड धरला. त्याचा चेहरा लाल झाला होता. मग त्यानं हसणाऱ्या त्या बायकांकडे नीट पाहिलं आणि तोही खदखदून हसला.

"अरे भो, ह्या ते फाग मांगी ऱ्हायन्यात!"

होळीत आपल्याकडे बायका वाट अडवून फाग, म्हणजे होळीची बक्षिसी, मागतात आणि तो दिल्याशिवाय पुरुषाची सुटका नसते. माझ्या मित्रानं फाग दिला. फेट्याचं दुसरं टोक दातात धरलं, मालकीणबाईंना समोर उभं केलं आणि म्हणाला, "थांब माय, बांधी लेऊ दे." भर चौकात, जराही घाई न करता, त्यानं त्यांच्या पांढऱ्या केसांवर तुरेदार फेटा बांधला. बाई पाटलीणबाईसारख्या ताठ झाल्या. चौकात टाळ्यांचा कडकडाट झाला, बँडवाले वाजवायचे थांबले.

मग तो माझ्याकडे वळला. "तठे ढोल शे. तुन्हा हात का आखडी गया? वाजाड!"

ढोलवाल्याच्या एका हातात बिअरचा पेला होता. दुसऱ्या हातातलं टिपरू त्यानं खुशीनं मला दिलं. पहिले दोन ठोके चुकले. तिसऱ्यापासून सातपुड्याची होळी त्या ढोलातून बोलू लागली. मित्र नाचू लागला, नेहमीसारखाच वाईट. त्याच्यामागे मालकीणबाई, त्यांच्यामागे बाजार, त्यांच्यामागे सगळी सोंगं. मी रडत होतो आणि वाजवत होतो. कारखान्याचा मुकादम, एरवी माझ्याकडे ढुंकून न बघणारा, बायकी झगा घालून पुढे आला आणि त्यानं मला नाव विचारलं. दोनदा चुकीचं म्हटलं, तिसऱ्यांदा बरोबर म्हणून साऱ्या चौकाला ओरडून सांगितलं. चौकानंही ते ओरडून म्हटलं.

मित्र परत निघाला तेव्हा मालकीणबाई फेटा बांधून स्टेशनावर आल्या. तो बोडक्या डोक्यानं खिडकीत बसला होता.

"मन्हा फेटा आठेच ऱ्हाऊ दे," तो म्हणाला. "आन तू बी आठेच ऱ्हाय. काम शिकीसन ये."

घरी येऊन मी ट्रंकेची दोरी सोडली.

त्यानं पसंत केलेलं ते इंजिन पुढे मीच नंदुरबारच्या जिनात बसवलं. सुरू करायच्या दिवशी शेटजी, गडीमाणसं, सगळे दाटीनं उभे होते. इंजिन दोनदा धापा टाकून बंद पडलं. तसा तो पुढे आला, स्वतःचा फेटा सोडला, माझ्या डोक्याला बांधला आणि म्हणाला, "आते चालू कर."

इंजिन धडधडत सुरू झालं.

त्याला जाऊन आता बरीच वर्षं झाली. मला तो त्या दिवशीचाच आठवतो: जिनाच्या दारात, उघड्या डोक्यानं, केसांवर कापसाचे तंतू, आणि इंजिनाच्या तालावर शेटजींच्या देखत मनापासून वाईट नाचणारा.