चटणीच्या दुकानाचा मोबाईल नंबर

"बाई, तुम्ही लोकांना फसवता का?" पुण्याहून एक निवृत्त शिक्षिका फोनवर होत्या. "दोनदा जवसाची चटणी मागवली. ना चटणी आली, ना कुणाचा फोन. साईटच्या तळाशी बारीक अक्षरात तुमचा नंबर सापडला, म्हणून तुम्हाला धरलं."

साईट मीच केली होती. बीडला एसटी स्टँडच्या मागे, एका कोचिंग क्लासच्या वरच्या मजल्यावर माझं दोन टेबलांचं ऑफिस आहे. चौदा वर्षं वेबसाईट बनवतेय. शाळा, दवाखाने, मंगल कार्यालयं, सगळं केलं. पण या चटणीच्या साईटवर माझा जीव होता. आणि तिच्यावर एकही ऑर्डर आलेली नाही, असं दुकानाच्या मालकीणबाईंनीच मला सांगितलं होतं.

मालकीण म्हणजे चकलांब्याच्या मुक्ताताई. दरवर्षी नवऱ्याबरोबर ऊसतोडीला जायच्या. तोडीवर नवरा-बायकोच्या जोडीला एक 'कोयता' म्हणतात. एकटा माणूस गेला तर तो 'अर्धा कोयता'. यंदा त्यांची मुलगी दहावीला होती. आजवर प्रत्येक हिवाळ्यात तिची शाळा सुटायची, आणि पोरगी कशीबशी पुढच्या वर्गात ढकलली जायची. यंदा मुक्ताताईंनी ठरवलं, आपण घरी राहायचं, पोरीची दहावी नीट होऊ द्यायची, आणि चटणी विकून घर चालवायचं. नवरा, सोमनाथ, अर्धा कोयता म्हणून जायला तयार झाला. त्याची अट एकच होती. महिन्याभरात चटणी चालली नाही, तर पोरीला घेऊन तोडीवर यायचं.

त्या पहिल्यांदा ऑफिसात आल्या तेव्हा स्टीलच्या डब्यात तीन प्रकार घेऊन आल्या होत्या. कारळाची, जवसाची, शेंगदाण्याची. उखळात कुटलेली.

"गावात विका ना," मी म्हणाले.

"गावात कोन घेईल, मॅडम? समद्यांच्याच घरी उखळ हाय."

मी त्यांची साईट मनापासून केली. आमच्या धंद्यात 'यूजर-फ्रेंडली' हा शब्द उठता-बसता वापरतात. त्याचा अर्थ एवढाच, की वापरणाऱ्याला डोकं खाजवायला लागू नये. मी फोटो मोठे ठेवले, अक्षरं मोठी ठेवली. चटणी निवडा, पत्ता लिहा, बटण दाबा. पैसे घरी पाकीट आल्यावर. सत्तरीच्या आजीलाही चष्मा न शोधता ऑर्डर देता यावी, असा माझा हट्ट होता.

मुक्ताताईंना फक्त एक गोष्ट खटकली. "मॅडम, वर आमचा फोन नंबर टाका की. मानूस बोलल्याबिगर घेत न्हाई."

"ऑनलाइनमध्ये बोलायचंच नसतं, ताई," मी म्हणाले. "नंबर दिसला की लोक बटण सोडून फोन करत बसतात." हे मी इतक्या ठामपणे सांगितलं की त्यांनी तो विषय पुन्हा काढला नाही. मला वाटलं, त्यांना पटलं.

मग साईटच्या आत एक रकाना भरायचा होता. ऑर्डर आली की मेसेज कोणत्या मोबाईलवर जावा? मी विचारलं, त्यांनी दहा आकडे घडाघडा म्हणून दाखवले, मी टाईप केले. दहा सेकंदांचं काम.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या घरी जाऊन चाचणी घेतली. फोन फळीवर चार्जिंगला लावलेला होता, बटणांचा साधा फोन. मी माझ्या मोबाईलवरून ऑर्डर दिली, आणि फळीवर टुंग वाजलं. मेसेज इंग्रजीत होता. मुक्ताताईंनी विचारलं, काय लिवलंय? मी वाचून दाखवलं, नवीन ऑर्डर आली. पोरगी हसली. मुक्ताताईंनी मला चहा दिला, वर कारळाच्या चटणीची पुडी. सोमनाथ तेव्हा तोडीला निघायचा दिवस ठरवायला टोळीच्या मुकादमाकडे गेलेला होता. मी खुशीत बीडला परतले.

पंधरा दिवसांनी मुक्ताताईंचा फोन आला. "मॅडम, एक बी ऑर्डर न्हाई. कावून?"

"सुरुवातीला वेळ लागतो, ताई. धीर धरा."

नंबर वेगळा होता. जावेच्या फोनवरून बोलतेय, असं त्या म्हणाल्याही. मी तो नंबर 'चटणी २' म्हणून सेव्ह केला आणि पुढच्या कामाला लागले. इतकी वर्षं धंद्यात असलेल्या बाईला तेवढ्यावरून कळायला हवं होतं. नाही कळलं. पुन्हा दहा दिवसांनी त्यांनी तेच विचारलं, मी पुन्हा तेच उत्तर दिलं, तेही जरा वैतागून.

आणि आता या पुण्याच्या बाई मला फसवी म्हणत होत्या. त्यांची माफी मागून मी फोन ठेवला आणि साईटची आतली यादी उघडली. बनवणाऱ्याला ती बघता येते. मी महिनाभर बघितली नव्हती.

तीन पानं भरून ऑर्डरी होत्या. नाशिक, नागपूर, संभाजीनगर. कुणी लिहिलं होतं, तिखट जरा कमी. कुणी दोन दिवसांनी, अजून आली नाही. कुणी आठ दिवसांनी, रद्द करा. पुढे पुढे सगळे रद्दच होते.

मी दुकानाच्या नंबरवर फोन लावला. पुरुषाचा आवाज आला, मागे ट्रॅक्टर चालू होता.

"कोन?"

मी नाव सांगितलं. मुक्ताताईंना द्या म्हणाले.

"ती कुठून येईल इथं? मी सोमनाथ. ह्यो माझा नंबर हाय. घरातल्या समद्या कागदावर ह्योच देतो आमी. राशन, ग्यास, पोरीची शाळा."

"तुम्हाला चटणीचे मेसेज आले नाहीत?"

"इंग्लिश मेसेज लई येतात, मॅडम. रिचार्जवाल्यांचे. भरलं की उडवून टाकतो. चटणीचे व्हते का ते?"

मी हो म्हणाले आणि विचारलं, ताई कुठे आहेत? काल टोळीच्या टेम्पोत बसल्या, पोरगीही बरोबर आहे, असं तो म्हणाला. महिना झाला होता. त्याने अट पाळायला लावली, आणि त्यांनी ती पाळली. चूक कुणाचीच नव्हती, फक्त माझी होती. मी टेबलावर डोकं टेकून रडले.

दोन दिवसांनी दुकानाच्या नंबरवरून फोन आला. मुक्ताताई होत्या.

"ह्यांनी सांगितलं समदं. आता फोन माझ्यापाशीच असतो, मॅडम. सकाळधरनं दोनदा वाजला. टुंग झालं की मला कळतं."

"परत या ताई. मी मुकादमाशी बोलते."

"आता पूर्ण कोयता धरलाय त्यांनी. एक उठला तर टोळी मोडती. अन् इथं उखळ कुठाय? परीक्षेला पोरगी येईल. अभ्यास केला तर केला." मग म्हणाल्या, "दुकान बंद करा. लोकं वाट बघत बसत्यात, बरं न्हाई वाटत."

दुकान बंद करायला मालकाच्या नंबरवर ओटीपी जातो, हा नियमही मीच घातलेला. मी बटण दाबलं. उसाच्या फडात उभं राहून मुक्ताताईंनी मला सहा आकडे एकेक करून वाचून दाखवले. एकही चुकला नाही.

तेव्हापासून कुठल्याही दुकानाचं काम घेताना मी रंग, फोटो, बटणं यांच्याआधी एकच विचारते. हा फोन दिवसभर कुणाच्या खिशात असतो? बैल गेला अन् झोपा केला, तसं आहे हे. मुक्ताताईंना त्याचा काडीचा उपयोग नाही.